लिफ्टवाला जिन्याने का जातो

"तो लेखक मला एकदा भेटू दे," माझी नणंद जेवता जेवता म्हणाली, "एक्स-रेच्या टेबलावर आडवा घालते आणि छातीत काळीज आहे का बघते."

मी मुकाट्याने तिला आणखी भात वाढला. कारण तो लेखक म्हणजे मी.

नणंदेला घरात सगळे तोफ म्हणतात. ती मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते, तेही हौसेने कायमच्या रात्रपाळीला. दिवसा झोपते आणि दुपारी उठली की आम्हाला फैलावर घेते. मी अर्धा दिवस विमा कंपनीत काम करते आणि उरलेला अर्धा दिवस, एका पुरुषाचं टोपणनाव घेऊन, मोबाइलवर ऐकायची प्रेमकथा लिहिते. हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. तोफेला सांगितलं असतं तर कथेतल्या प्रत्येक भांडखोर बाईत तिने स्वतःला शोधलं असतं, आणि ती सापडलीही असती.

कथेचा नायक देखणा हृदयतज्ज्ञ, नायिका नर्तकी. त्या दोघांसाठी मी काय नाही केलं? समुद्रकिनारा दिला, ताटातूट दिली, मध्येच त्याची स्मृतीसुद्धा घालवली. श्रोत्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी डोक्यावर घेतलं भलत्याच जोडीला. नर्तकीच्या इमारतीत सातव्या मजल्यावर ऑफिस असलेली एक कर सल्लागार बाई होती. ती लिफ्टला घाबरायची, म्हणून रोज जिना चढायची. आणि त्याच इमारतीच्या लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस होता, तो रोज तिच्याबरोबर जिना चढायचा. झालं! लोक वेडे झाले. स्वतःला 'जिनेवाले' म्हणवून घेणाऱ्यांचा भलामोठा गट निघाला आणि त्या गटाची प्रमुख कोण, तर आमची तोफ.

गंमत म्हणजे तो जिना मी निव्वळ सोयीसाठी घातला होता. लिफ्ट चुटकीसरशी वर पोचते, तेवढ्यात संवाद काय डोंबल होणार? सात मजले चढायचे म्हटलं की बोलायला ऐसपैस वेळ मिळतो. तो माणूस तिला कधीच लिफ्टमध्ये बसायला सांगत नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. आणि त्याच संध्याकाळपर्यंत तोफेला एका माणसाला लग्नाबद्दल उत्तर द्यायचं होतं. गेल्या रविवारी ती त्याला कॉफी प्यायला भेटली होती. जमिनीची मोजणी करणारा, शांत, बरा दिसणारा. दोघं तीन तास बोलत बसली होती. उठताना त्याने एवढंच विचारलं, "ती रात्रपाळी सोडता येईल का?" घरातले सगळे तिला 'सोड की' म्हणत होते आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. एवढ्यातेवढ्यासाठी चांगला माणूस घालवायचा? तोफही पाघळत चालली होती. आज नाष्ट्यालाच नरम आवाजात म्हणाली होती, "हो म्हणून टाकते."

जेवताना मात्र ती वेगळ्याच कारणाने पेटली होती. शेवटच्या भागाच्या जाहिरातीत लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज ऐकवला होता.

"तिला लिफ्टमध्ये घालणार मेला! बघच तू वहिनी."

"मग काय झालं?" मी म्हणाले. "प्रेमापोटी माणूस भीती जिंकतो. केवढी मोठी गोष्ट आहे!"

"प्रेमापोटी? तो तिला ओढून नेणार आणि त्याला प्रेम म्हणायचं?"

आता माझा स्वभाव असा की माझ्यावर काही बोला, माझ्या पात्रांवर खोटा आळ मी खपवून घेत नाही. "मुळीच ओढत नाही तो!" मी कडाडले. "ती स्वतः आत शिरते, स्वतःच्या बोटाने सातचं बटण दाबते. तो तर बाहेरच उभा असतो!"

नवऱ्याने ताटात इतकी मान घातली की नाकाला आमटी लागायचीच बाकी होती.

"जाहिरातीत बटण नव्हतं," तोफ म्हणाली.

आणि गप्प झाली. तोफ गप्प झाली की समजावं, आत दारू ठासली जातेय. मी जीव मुठीत धरून बसले.

"तू?" ती म्हणाली. "तो मेला म्हणजे तू? अगं, तुझ्याच हातचं खाऊन मी तुला इतके महिने शिव्या घातल्या?"

"घातल्यास. चांगल्या घसघशीत."

मला वाटलं ती ताट भिरकावणार. तिने हात धुतले, चपला घातल्या आणि दारात उभी राहून म्हणाली, "चल, मी येतेय रेकॉर्डिंगला. तो सीन होऊ देणार नाही."

टॅक्सीत आमची जी जुंपली! चालकाने आधी रेडिओ बंद केला, मग आरसा आमच्या बाजूला वळवला.

"जन्मभर काय जिनेच चढायचे?" मी म्हणाले. "तिची भीती जायला नको?"

"का जायला हवी? तिचं काही अडलंय?" तोफ म्हणाली. "आम्ही जिनेवाले या दोघांवर जीव का टाकतो, माहितीये तुला? तो लिफ्टवाला आहे, वहिनी! तिला लिफ्टमध्ये बसवणं हा त्याचा धंदा आहे. 'घाबरू नका, मी आहे ना' एवढं म्हटलं तरी पुरे. पण तो एकदाही म्हणत नाही. हत्यारांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो आणि चढायला लागतो. तिला दुरुस्त करत नाही तो. जगात सगळे आपल्याला दुरुस्त करायला बसलेत, हा एकच माणूस तसा नाही. आणि तू शेवटी त्यालाही तसलाच करणार?"

मी वाकड्यात शिरले. "तुझा हा देवमाणूस शेहेचाळीस वर्षांचा आहे. रोज सात मजले! गुडघे जातील त्याचे, गुडघे!"

"जाऊ देत!" तोफ ओरडली.

आणि आम्ही दोघी एकदम एकमेकींकडे बघायला लागलो.

"गुडघे जाऊ देत," मी हळूच म्हणाले. "आणि तो ते लपवतो."

"आणि तिला कळतं!"

"आणि ती म्हणते, तुम्ही लिफ्टने जा, मी जिन्याने येते."

"पण तो थेट वर जात नाही!" तोफेने माझा दंड असा आवळला की मी किंचाळले. "प्रत्येक मजल्यावर थांबतो. दार उघडून उभा!"

चालकाने गाडी बाजूला घेतली. "ताई, आधी लिहून घ्या," तो म्हणाला. "विसराल."

मी फोनमध्ये लिहायला लागले. इतकी वर्षं लिहितेय, पण असा आनंद मला आठवत नाही. ती दोघं माझ्या डोळ्यांसमोर बोलत होती आणि मी नुसती मागे धावत होते.

स्टुडिओत निर्मात्याने कपाळावर हात मारला. "ऐन वेळी? अहो, लिफ्टचे आवाज विकत घेतलेत मी!"

"सगळे वापरा," तोफ म्हणाली. "सात वेळा दार उघडतंय."

तो हिशेब त्याला लगेच पटला. ही बाई कोण, असं त्याने मला विचारलं. "माझी नणंद," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते सांगताना मला अभिमान वाटला.

आवाज देणाऱ्या बाईंनी दोन ओळी वाचल्या आणि थांबल्या. खोटा दम लागल्यासारखं वाटतंय म्हणाल्या, आणि सरळ बाहेर जाऊन स्टुडिओचा जिना पळत चढून-उतरून आल्या. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. घामाघूम होऊन माइकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा काचेपलीकडे आम्ही श्वास रोखून बसलो होतो.

पहिला मजला. दार उघडल्याचा आवाज.

"तुम्ही गेला नाहीत वर?"

"जातोय की. एकेक मजला."

तिसरा मजला. "मी घोरतो. आधीच सांगितलेलं बरं."

"मी कानात कापूस घालते. चला पुढे."

पाचवा. "आईला विचारलं. ती म्हणाली, मला काय विचारतोस, तिला विचार."

सहाव्यावर दार उघडलं आणि तो काहीच बोलला नाही. "बोला ना काहीतरी," ती धापा टाकत म्हणाली, "मला बोलवत नाहीये."

सातवा मजला. दार उघडलं. "मी विचारणार होतो की..."

"हो," ती म्हणाली. "हो. आधी पाणी द्या."

निर्माता नाक शिंकरत होता. मी तर सरळ रडतच होते. साधलं होतं! बाई जिन्यावरच होती, लिफ्टवाला लिफ्टमध्येच होता आणि लग्न ठरलं होतं.

तोफ मात्र खुर्चीत ताठ बसली होती. मला वाटलं, हिला आवडलं नाही. "कुठे चुकलं का गं?" मी विचारलं.

"माझं चुकत होतं," ती म्हणाली. "मी हो म्हणणार होते ना संध्याकाळी. रात्री दोन वाजता कुणीतरी मोडलेला हात घेऊन येतो, घाबरलेला असतो, त्याला मी हसवते आणि फोटो काढते. मला ते आवडतं, वहिनी. ते सोडून मी कोण?"

मी तिचा हात धरला. गेला आठवडाभर हिला लिफ्टमध्ये ढकलणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते, आणि मला त्या क्षणी स्वतःचा फार राग आला. "नको सोडूस रात्रपाळी," मी म्हणाले. "कुणाच्या सांगण्यावरून नको."

तिने तिथेच फोन लावला. स्पीकर चालू राहिला की मुद्दाम ठेवला, देव जाणे. तिकडून त्याचा आवाज आला तशी ती एका दमात म्हणाली, "हे बघा, मी रात्रपाळी सोडणार नाही. आज नाही, लग्नानंतर नाही. मी सकाळी सहाला सुटते. तेव्हा जागं राहून कुणाला चहा प्यायला यायचं असेल तर हॉस्पिटलच्या गेटपाशी यावं. नसेल जमत तर तसं सांगा, मला राग नाही."

निर्माता शिंकरायचा थांबला. माइकवरच्या बाई काचेला नाक लावून उभ्या. मोजणीवाला माणूस, आता काय मोजत बसलाय!

"कोणत्या गेटपाशी?" त्याने विचारलं.

आणि जन्मात कधी शब्दाला न अडलेली आमची तोफ, तिचं तोंड उघडलं पण आवाजच फुटेना. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरलेले. मग मला राहवेना. मी फोनवर वाकून ओरडले, "मागच्या! एक्स-रे मागच्या बाजूला आहे!"