मारेन लॉरिट्सदात्तरची नोंद

जुलैमध्ये नॉर्डा थोरपने नवा संगणक घेतला आणि तिचं एकोणीस वर्षांचं वंशावळीचं सॉफ्टवेअर त्यावर उघडेना. दुकानदार म्हणाला, ते बनवणंच बंद झालंय, आता दुसरं शोधा. नॉर्डाने हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे शोधायचं म्हणजे काय करायचं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने तीन सॉफ्टवेअरच्या महिनाभर फुकट चालणाऱ्या प्रती उतरवून घेतल्या, वहीत बावीस कसोट्या लिहिल्या आणि आपल्या सहा हजार चारशे माणसांची एकच फाइल तिन्हींत घालून बघायला लागली. डॅनिश अक्षरं शाबूत राहतात का? एका मुलाला जन्म देणारी आणि वाढवणारी अशा दोन आया लावता येतात का? कुठली गोष्ट कशावरून कळली, हे नोंदीखाली लिहायला पुरेशी जागा आहे का?

सातव्या कसोटीखाली तिने दोनदा रेघ मारली होती: न विचारता काही बाहेर धाडतं का?

अमेरिकेत यूटातल्या एफ्राइमसारख्या गावात या कसोटीचा अर्थ शाळकरी पोरीलाही कळतो. तिथे घरटी एक तरी बाई पूर्वजांच्या मागावर असते. बाप्तिस्म्याशिवाय मेलेल्या माणसासाठी त्याच्या वंशातल्या कुणीतरी जिवंत माणसाने मंदिरात जाऊन, त्याच्या नावाने पाण्यात उतरायचं, अशी तिथल्या ख्रिस्ती पंथाची रीत. हे एकदाच करायचं असतं. नाव आधी ज्याने राखून ठेवलं, त्याचा तो मान. इंटरनेटवर सगळ्यांचं मिळून एक सामाईक झाड आहे, आणि त्यावर घातलेलं नाव सगळ्यांचं होतं. वर्षानुवर्षं खपून शोधलेली आजी तुम्ही झाडावर ठेवावी आणि ॲरिझोनातल्या कुणा लांबच्या भावाने सकाळी उठून ती उचलावी, असं निम्म्या गावाच्या बाबतीत घडून गेलेलं आहे. म्हणून शहाणी माणसं नाव पक्कं होईपर्यंत आपल्याच संगणकात ठेवतात.

नॉर्डाने तसंच एक नाव ठेवलं होतं.

तिची आई अर्व्हिला हिला तिच्या आजीने वाढवलं. ही आजी, कारेन, नऊ वर्षांची असताना डेन्मार्कमधल्या जटलंडहून एका परक्या कुटुंबाबरोबर जहाजाने आली होती, त्यांचंच आडनाव लावून. जन्म देणारी कोण, ते तिला कधी कळलं नाही. मरायच्या आदल्या आठवड्यात तिने बारा वर्षांच्या अर्व्हिलाचा हात धरून सांगितलं, "माझ्या आईला शोध, आणि तिच्या नावाने तू पाण्यात उतर." अर्व्हिला हो म्हणाली. त्याला आता बहात्तर वर्षं झाली होती. त्यातली शेवटची एकोणीस नॉर्डाची. गेल्या वसंतात तिला एका खेड्याच्या चर्चच्या वहीत कारेनचा जन्म सापडला: आई मारेन लॉरिट्सदात्तर, अविवाहित, शेतावरची मोलकरीण. अडचण एवढीच, की शेजारच्या खेड्यातही त्याच महिन्यात एका मारेनला एक कारेन झाली होती. देवीची लस टोचल्याच्या वहीत मूल कुणाच्या घरी वाढत होतं ते लिहिलेलं असतं. ते पान पाहिलं की निकाल लागणार होता. नॉर्डाने डेन्मार्कला लिहून प्रत मागवली होती. "ऐंशी टक्के हीच," ती आईला म्हणाली होती, "पान येऊ दे."

ताकही फुंकून पिणारी म्हणून सगळा गाव तिला ओळखत होता. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

दर बुधवारी ती आणि तिची मामेबहीण जोलेन चर्चच्या वंशावळ केंद्रात शेजारी शेजारी बसायच्या. जोलेनला डॅनिश हस्ताक्षर वाचता येत नसे, पण संगणकातलं सगळं यायचं. आणि बोलणं तर विचारूच नका.

"तुझ्या बावीस कसोट्यांत 'दिसायला बरं आहे का' ही कुठेच नाही," ती वही चाळत म्हणाली.

"ती कसोटी नव्हे."

"माझी तीच पहिली असते. नवरासुद्धा मी तसाच निवडला."

"मग?"

"मग काय! आता वर्लच्या डोक्यावर केस नाहीत, पण सुरुवात तरी झकास झाली." जोलेनने वही मिटली. "तुझी फाइल दे ना एकदा. माझ्या संगणकावर तिन्ही चालवून बघते. दोघींना एकाच फाइलवर काम करता आलं पाहिजे, नाहीतर मी बुधवारी करू काय? तुझे पाय दाबू?"

नॉर्डाने फाइल पेन ड्राइव्हवर दिली. मारेनसकट. दुसऱ्या कुणाला दिली नसती. जोलेनला देताना तिच्या मनात काही आलंसुद्धा नाही.

"आत्याला कधी नेणार आहेस?" जोलेनने ड्राइव्ह पर्समध्ये टाकत विचारलं.

"पान आल्यावर."

"आणि नाहीच आलं तर?"

"येईल."

"नॉर्डा, आत्या चौऱ्याऐंशीची आहे."

"मला माहीत आहे. माझी आई आहे ती."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सॉल्ट लेकला चार दिवसांचा वर्ग होता, वंशावळीची सॉफ्टवेअर कशी पारखावी याचाच. मंगळवार ते शुक्रवार. नॉर्डा गेली, नीट टिपणं काढून आली, आणि सोमवारी सकाळी तिसरं सॉफ्टवेअर तपासायला बसली. त्याची एक सोय वर्गात सगळ्यांनी वाखाणली होती. तुमची फाइल आणि सामाईक झाड ते शेजारी शेजारी ठेवून दाखवतं: डावीकडे तुमचं, उजवीकडे जगाचं. पाठवत काहीच नाही, नुसतं दाखवतं. कसोटी सात, उत्तीर्ण.

तिने मारेन उघडली. उजवी बाजू कोरी असायला हवी होती.

उजव्या बाजूला मारेन लॉरिट्सदात्तर होती. तेच जन्मसाल, तेच खेडं. नॉर्डाने स्वतःच्या सोयीसाठी खेड्याच्या नावाचं एक लघुरूप वापरलं होतं, तेही जसंच्या तसं. भर घालणारी: जोलेन. नाव राखून ठेवणारी: जोलेन. खाली हिरव्या अक्षरांत: बाप्तिस्मा झाला, ९ ऑक्टोबर, मँटाय मंदिर.

नॉर्डाने पान बंद करून पुन्हा उघडलं. एकच निरीक्षण पुरेसं नसतं, असं ती मुलांना सांगत असे. दुसरं निरीक्षण तेच निघालं. मग तिने कोट घातला.

जोलेन स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. ओट्यावर काचेच्या बरण्या उकळून पालथ्या घातल्या होत्या. नॉर्डाचा चेहरा पाहून तिने सुरी खाली ठेवली.

"पाहिलंस," ती म्हणाली.

"मी तुला फाइल तपासायला दिली होती."

"बस तरी."

"नाही बसत. एकोणीस वर्षं, जोलेन. वही मी वाचली, पत्रं मी लिहिली. माझ्या आईचा शब्द होता तो. आणि तू सरळ जाऊन तिच्या नावाने पाण्यात उतरलीस? तुला एवढीच हौस होती तर मागायचं होतंस, मी तुला दुसरी चाळीस नावं दिली असती. असा केसाने गळा कशाला कापायचा?"

जोलेनने एप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते.

"मी नाही उतरले," ती म्हणाली.

"तिथे तुझं नाव आहे."

"नाव माझं आहे, कारण आत्याला संगणक येत नाही. उतरली ती आत्या."

नॉर्डा उभीच राहिली.

"तिनेच फोन केला. तू सॉल्ट लेकला जाणार हे ठरलं त्या दिवशी. म्हणाली, नॉर्डा चार दिवस नाही, मला मँटायला ने. वर्लने पाण्यात धरलं, मी पायऱ्यांवर उभी होते. नॉर्डाला सांग, असं मी तिला दोनदा म्हटलं. ती म्हणाली, तू सांगितलंस तर मी टॅक्सी करून जाईन." जोलेन खिडकीकडे बघत होती. "स्प्रिंग सिटीसारख्या खेड्यात टॅक्सी! मला हसू आलं आणि मी हो म्हणून बसले."

"बुधवारी," नॉर्डा म्हणाली.

"बुधवारीच. आपला दिवस रिकामाच होता ना."

त्या बुधवारी संध्याकाळी वर्ग सुटल्यावर नॉर्डाने आईला फोन केला होता. आज काय केलंस, असं विचारलं होतं. काही विशेष नाही, आई म्हणाली होती, केस धुतले.

"माझ्यावर हवं तेवढं चिड," जोलेन म्हणाली, "पण तिला बोलू नकोस."

नॉर्डा निघाली. आईच्या घरी, स्प्रिंग सिटीपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचाही नाही. त्या दिवशी वाटेत एक टर्की कोंबड्यांचा ट्रक पुढे होता आणि तिने त्याला मागे टाकलं नाही.

अर्व्हिला टेबलाशी दुधात पाव कुस्करून खात होती, बरोबर पातीचा कांदा. वर्षानुवर्षं संध्याकाळचं जेवण तिने असंच दुपारी चारला उरकलेलं होतं.

"जोलेनचा फोन आला होता," ती म्हणाली. "खाल्लंस का काही?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

नॉर्डा टेबलावर सांडलेले पावाचे कण गोळा करू लागली.

"नसतंस दिलं. 'आई, अजून ऐंशी टक्केच आहे.' मी चौऱ्याऐंशीची आहे, नॉर्डा. तुझ्या टक्क्यांच्या पुढे गेले मी."

"ती कदाचित आपली मारेन नसेल."

"नसेल तर दुसरीचंही करू. पाणी काय संपतंय?"

"असं नसतं गं, आई."

"मग कसं असतं? कारेनआजीने माझा हात धरला तेव्हा तिने मला पुरावा मागितला नव्हता." अर्व्हिलाने कांद्याची पात मिठात बुडवली. "वर्लला नाव म्हणता येईना. लॉरिट्स म्हणाला आणि अडकला. चूक झाली म्हणून दोनदा बुडवलं मला. कानात पाणी गेलं ते अजून आहे."

ते नाव नॉर्डा उन्हाळाभर गाडीत एकटी असताना म्हणून बघत होती. जो कुणी आईला पाण्यात धरेल त्याला आधी शिकवायचं, असं तिने ठरवलं होतं. आईला टॉवेल कुणी द्यायचा, हेही ठरलेलं होतं.

"मला तिथे असायचं होतं," ती म्हणाली.

अर्व्हिलाचा चमचा थांबला.

"हे तू कधी बोलली नाहीस."

"बोलायला हवं होतं?"

"पान येऊ दे, पान येऊ दे, एवढंच ऐकलं मी सहा महिने. मला वाटलं, तुला पानाचंच आहे सगळं."

नॉर्डाने कोटाची बटणं लावली, मग लक्षात आलं की ती काढलेलीच नव्हती. आपल्या आईला आपण असे दिसतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. जोलेनला ते ठाऊक असणार. गाडीत मँटायला जाता-येता दोघी त्यावर हसल्याही असतील.

"पुरे झालं रुसणं," आई म्हणाली. आवाज मऊ होता, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं. "आता मारेनची आई शोध. तिचंही कुणीतरी करायला हवं."

"जोलेनला सांग."

"जोलेनला कुठे येतं ते!"

हे तिने इतक्या सहज म्हटलं, की नॉर्डाला ते आधी नुसतं खरं वाटलं. दुखलं ते दारापर्यंत पोचल्यावर.

"बुधवारी ये," आई मागून म्हणाली.

"बघते."

घरी आल्यावर तिने वही उघडली. तिसऱ्या सॉफ्टवेअरला बावीसपैकी एकवीस गुण मिळाले होते. पहिल्याला तेरा. पहिलं ओबडधोबड होतं, दोघींना एका फाइलवर काम करू देत नव्हतं, आणि इंटरनेटशी त्याला जोडताच येत नव्हतं. नॉर्डाने पहिल्याचं परवानापत्र विकत घेतलं. फाइल त्यात घातली आणि बाकीची दोन काढून टाकली.

मग तिने मारेनची नोंद पुरी केली. झालेली गोष्ट न लिहिणं तिला जमण्यासारखं नव्हतं. विधी: बाप्तिस्मा. तारीख, ठिकाण. कुणी घेतला: अर्व्हिला थोरप, पणती. हजर: जोलेन, वर्ल. खाली आधार लिहायची जागा होती. तिथे तिने लिहिलं: तोंडी माहिती, आईकडून. नोंद करणारी स्वतः हजर नव्हती.