सासूबाईंच्या गुडघ्यातलं पाणी

सकाळी दवाखान्यात सासूबाईंच्या गुडघ्यातून सुईने काढलेलं पाणी नळीत टपटप पडलं आणि सून पुढे वाकून ते निरखू लागली. ती त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये अठरा वर्षं काम करत होती. धडधाकट सांध्यातलं पाणी असं पडत नाही, पाकासारखी तार धरतं. ती तार हायल्युरोननची. साखरेच्या कणांची ही लांबच लांब माळ पाणी धरून ठेवते आणि हाडावर हाड घासू देत नाही. सांधा सुजला की माळा तुटतात, दाटपणा जातो.

सूज साधी की आत पू होतोय, एवढंच आता कळायला हवं होतं. सासूबाईंना दोन दिवस कणकण होती. त्यांनी ती गोळी घेऊन दडपली, कारण बारा वाजता गुडघ्यात जेलचं इंजेक्शन मिळायचं होतं. ते जेल म्हणजे हायल्युरोननच. शेजारीण ते घेतल्यावर जिने चढू लागली, तेव्हापासून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. सुनेने डॉक्टरांना कणकणीचं आणि गोळीचं सांगितलं, म्हणून तर आधी पाणी तपासायचं ठरलं. पू असताना जेल आत गेलं, तर गुडघा हातचा जाणार होता.

घरच्यांचा नमुना आपण तपासायचा नाही, हा लॅबचा नियम. तिने तो निमूटपणे सहकारिणीच्या हाती दिला. कामाच्या झपाट्यामुळे या सहकारिणीला सगळे वादळ म्हणत.

वादळाने पाऊण तासात अहवाल वर पाठवूनही दिला. पांढऱ्या पेशी आठशे. पू असला की त्या हजारोंनी वाढतात. म्हणजे काळजीचं कारण नाही.

सुनेला सकाळची गढूळ नळी आठवली आणि तिने तडक वादळाचं टेबल गाठलं. पाणी कशात मिसळलंस, असं विचारलं.

"नेहमीच्याच द्रावणात. पांढऱ्या पेशींना आणखी वेगळं काय लागतं?"

सुनेने कपाळाला हात लावला. नेहमीच्या द्रावणात आम्ल असतं. रक्ताला ते चालतं. सांध्याच्या पाण्यातलं हायल्युरोनन मात्र आम्ल लागताच प्रथिनांना धरून साकळतं आणि पेशी त्या गुठळ्यांत अडकतात. मोजायला उरतात चार-दोन. सांध्याला सलाईन वापरायचं, हे तिने किती वेळा सांगितलं होतं. नळीच्या तळाशी फाटक्या कापसासारखे तुकडे बसलेले होते.

"आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं ना गं?"

"ताई, तुम्ही इतकं हळू बोलता, की रागावलात हेच कळत नाही," वादळ पुटपुटली आणि मान खाली घालून सलाईनची बाटली आणायला गेली.

नियमाप्रमाणे मोजायला वादळच बसली. सून शेजारी उभी राहून घड्याळाकडे बघत राहिली. साठ हजार. बाराला चार मिनिटं होती. वर डॉक्टरांकडचा फोन कुणी उचलेना, तेव्हा दोन्ही नळ्या मुठीत धरून ती जिना चढली.

सासूबाई टेबलावर पाय पसरून प्रसन्न होत्या. डॉक्टरांच्या हातात जेलची सुई होती. तिने आकडा सांगितला, तसे ते वैतागले.

"मघाशी आठशे, आता साठ हजार. तुमची लॅब एकदा काय ते ठरवणार आहे का?"

"आधीचं चुकलं. चूक आमचीच. पण सुई आत घालू नका, डॉक्टर."

"बघा, हिला माझं भलं बघवत नाही," सासूबाई छताकडे बघून म्हणाल्या. "दोन महिने हिच्या मागे लागले, तेव्हा कुठे आणलं. आता ऐन वेळी पाय ओढतेय."

डॉक्टरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. एकीत गुठळ्या, दुसरीत पेशींनी धुरकट पाणी. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि सिस्टरना सांगितलं, ऑपरेशन थिएटर तयार करा, तासाभरात गुडघा आतून धुऊन पू काढायचा.

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संमतीचा कागद त्या हातात घेईनात. गोळीची गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच कशाला, म्हणून सुनेला आणखी चार शब्द ऐकवले. सून वळसा घालून भिंतीच्या बाजूला आली. तिने पेन त्यांच्या बोटांत दिलं.

"आई, आधी सही करा. मग हवं तेवढं बोला."

सासूबाईंनी सही केली. मग त्या बोलल्या, थिएटरच्या दारापर्यंत, न थांबता. सून स्ट्रेचरला धरून शेजारून चालत होती.