पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द

सात वाजून चाळीस मिनिटांनी अरुणाने गॅस बंद केला, भालचंद्रच्या डब्यात तीन आणि स्वतःच्या डब्यात दोन पोळ्या घातल्या आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्याच चहा घेतला. सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये पाणी आठपर्यंतच येई. बादल्या भरून झाल्या होत्या.

“इशिता, ‘ऑल्बीइट’ कुठे वापरतात गं?”

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीने वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही.

“‘असला तरी’. फॉर्मल आहे. ‘हुशार, ऑल्बीइट आळशी.’ सिंपल आहे यार, आई. आधीचं कौतुक पुसलं जातं, आणि वाईट बोलल्यासारखंही वाटत नाही.”

“तुझी आई माझ्याबद्दल बोलते तसं,” भालचंद्र म्हणाला. “माणूस चांगला आहे हो, पण...”

अरुणा हसली नाही. डब्याचं बसलेलं झाकण तिने पुन्हा दाबलं.

हरीशच्या कामाच्या वार्षिक अहवालाचा फॉर्म काल तिसऱ्यांदा तिच्याकडे परत आला होता. तिने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘निःसंशय प्रामाणिक’. संचालिका विजयालक्ष्मी यांनी त्यापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरांत भर घातली होती, ‘ऑल्बीइट अडेल’. हरीश तिच्या शाखेतला कारकून. मॅडमच्या टेबलावर महिनाभर पडून राहिलेल्या फाइलवर मागची तारीख घालायला त्याने नकार दिला होता. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बढतीची संधी हीच. आणि अरुणाचा स्वतःचा अहवाल मॅडमच लिहिणार होत्या.

ऑफिसात पोचताच बोलावणं आलं.

“अरुणाजी, दो शब्द लिखने में कितने दिन लगते हैं?”

“मॅडम, वो शब्द मेरे नहीं हैं.”

“रिपोर्टिंग ऑफिसर आप हैं. मैंने तो सिर्फ सजेस्ट किया है. पेन्सिल से.”

“आप अपने कॉलम में...”

“मुझे क्यों घसीट रही हैं? आज शाम तक.”

अरुणाने फॉर्म उचलला. बाहेर व्हरांड्यात हरीश उभा होता. पाठवायच्या पत्रांचा गठ्ठा त्याने छातीशी धरला होता.

“मॅडम, रिपोर्ट चली गई क्या? घर में रोज पूछते हैं. मैं कह देता हूँ, सरकारी काम है, भई.”

“आज जाएगी,” ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता पुढे गेली.

जागेवर बसून तिने पेनाचं टोपण काढलं. ‘प्रामाणिक’पुढे निब टेकवलं. शाईचा बारीक ठिपका उमटला. तिने पेन उचललं, ठिपक्याचा पूर्णविराम केला आणि खोडरबर घेऊन पुढचे दोन्ही शब्द पुसले. चुरा हाताने झटकला. मग सही केली.

खाली वरिष्ठांच्या अभिप्रायाचा रकाना होता. चांगल्या सहा ओळी मावतील एवढा, कोरा. त्याखाली सहीसाठी रेघ, आणि रेघेखाली मॅडमचं पूर्ण नाव छापलेलं.

तिने फॉर्म लिफाफ्यात घातला, लिफाफा चिकटवला आणि शिपायाला हाक न मारता स्वतःच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.