बोळक्या तोंडाची शिकवणी

"दीर्घ श्वास घ्या आणि सांगा, कुठे दुखतंय?" सिस्टरने परक्या भाषेतलं वाक्य एका दमात म्हटलं आणि पेशंट झालेल्या परीक्षकाच्या मनगटावर बोटं ठेवली. पेशंट खिडकीबाहेर पाहू लागला. त्याचे खांदे हलत होते. शेजारच्या परीक्षक बाईंना नेमका तेव्हाच खोकला आला.

तो आवरल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही राहता कुणाकडे?"

"एका आजींकडे. ही भाषा त्यांच्याशी बोलूनच शिकले."

"त्यांना दात आहेत?"

हाही परीक्षेतलाच प्रश्न समजून सिस्टरने पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, "नाही, माझ्या आजींना एकही दात नाही."

मग दोघा परीक्षकांनी मोकळेपणाने हसून घेतलं. शब्द चोख होते, उच्चार मात्र बोळक्या तोंडाचे. "पुढच्या महिन्यात परत या," बाई म्हणाल्या. "तोवर घर बदला. आम्ही एखादं दातवालं कुटुंब बघून देतो."

पास होईपर्यंत वॉर्ड बंद. मायदेशी जिच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने वॉर्डातली कुजबुज थांबायची, ती बाई इथे हॉस्पिटलच्या तळघरात चादरींच्या घड्या घालत होती. चादरी तक्रार करत नाहीत हे खरं, पण ऐकतही नाहीत.

गंमत म्हणजे आजींचा मुलगा दातांचा डॉक्टर होता. दवाखाना खाली, घर वर. त्याने आईसाठी स्वतःच्या हातांनी कवळी बनवली होती आणि ती कपाटात वाडग्याखाली झाकून ठेवलेली असायची.

"चार दात शाबूत होते माझे," आजी सांगायच्या. "एक काढतो म्हणून भूल दिली. उठते तर चारही गायब! म्हणे, कवळी नीट बसेल. बसली आहे की, कपाटात."

रात्रीच्या जेवणात निकाल कळला तेव्हा डॉक्टरांना लपवता न येण्याजोगा आनंद झाला.

"बघ आई! तुझ्या हट्टापायी बिचारीच्या पोटावर पाय आला."

आजींनी सूप भुरकलं.

सकाळी त्या कवळी लावून टेबलाशी आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. सिस्टरला एक अक्षर कळलं नाही. ही कोण नवीन बाई, अशा नजरेने ती पाहत राहिली.

"बस, म्हटलं. पहिल्यापासून शिकायचं."

शिकवणी सुरू झाली. आजींचे उच्चार आता रेडिओवरच्या बातम्यांसारखे खणखणीत येत. पाव मात्र बशीत तसाच राहू लागला. बोलता बोलता त्या तोंडाला रुमाल लावत. एकदा त्या रुमालावर तांबूस डाग दिसला.

"आजी, तोंड उघडा."

"आधी धडा."

"तोंड उघडा!"

हा आवाज सिस्टरने देश सोडल्यापासून वापरला नव्हता. आजींनी निमूटपणे आ केला. हिरडी सोलवटून निघाली होती.

"काढा ती."

"आणि तुझी परीक्षा गं?"

"परीक्षा माझी आहे. हिरडी तुमची."

"मग दातवाल्यांकडे राहायला जा. मी नाही रागावणार."

"मी रागावेन. मी इथेच राहणार आणि असंच बोलणार. हसू देत त्यांना. हसणारे दमतात, मी नाही दमत."

कवळी रुमालात गुंडाळून ती खाली उतरली. बाकांवर माणसं गाल धरून बसली होती. आतलं दार उघडं होतं. डॉक्टर पाठमोरे, एका गृहस्थाच्या तोंडात आरसा घालून उभे.

सिस्टर उंबऱ्यातच थांबली आणि थेट एकेरीवर आली. डॉक्टरांना उद्देशून आजींच्या तोंडून तिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

"ही रक्त काढते, कळतं का तुला? आणि तू जेवताना आनंद करतोस! चार दात उपटताना विचारलं नाहीस. हे तोंड काय तुझ्या मालकीचं आहे? वर ये. आधी माफी माग. मग विचार, हवी का नको. नको म्हटलं, तर हात लावायचा नाही."

शब्द शोधायला ती कुठेही थांबली नाही. अक्षराअक्षरातून वारा सुटत होता. बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. डॉक्टरांनी आरसा हळूच ट्रेमध्ये ठेवला. मान खाली गेली.

"हो आई," ते म्हणाले.

खुर्चीतल्या गृहस्थाचं तोंड आधीपासूनच उघडं होतं, त्यामुळे त्याला काय वाटलं ते समजलं नाही. डॉक्टर वळले. त्यांचे कान लाल झाले होते.

सिस्टरने त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

"लवकर," ती म्हणाली आणि कवळी त्यांच्या हातात ठेवली.