रुएलच्या नळीसाठी बॅटरी

रुएल गेल्यापासून त्या घरात तिन्हीसांजेला पिकल्या आंब्याचा वास येई. आंबा घरात नसे, शेजारी नसे, त्या दिवसांत बाजारातही नसे. वास होता रुएलच्या वेपचा, त्या बॅटरीवरच्या सिगारेटचा, आणि रुएल तर पाकिल गावच्या दफनभूमीत चुन्याने रंगवलेल्या थडग्याखाली निजला होता.

त्याच्या धाकट्या बहिणीला, जोवेलिनला, तो वास कधी येई, कधी नाही. त्यांच्या आईला, नानायला, मात्र रोज येई. आला की ती हातातलं काम टाकून बसून राही. तिनेच त्याला घराबाहेर काढलं होतं. 'हा धूर माझ्या घरात नको, धूर हवा तर तुझ्या त्या वर्कशॉपात नीज,' असं रागाच्या भरात बोलून गेली होती. तो तळ्याकाठच्या वर्कशॉपात लेथशेजारी निजू लागला. पावसाळ्यात तळं चढलं, पुराच्या पाण्यातून ताप आला, तापाने त्याला नेलं. तिला माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

मृतांचा दिवस, थडग्यांवर जेवण न्यायचा, उद्यावर आला तेव्हा नानाय पहिल्यांदाच जोवेलिनच्या वेपच्या दुकानाची पायरी चढली. मागे तियो आन्सेल्मो, जोवेलिनचा मामा. नानायने छातीशी धरलेल्या रुमालातून रुएलने स्वतः लेथवर घडवलेली त्याच्या वेपची पितळी नळी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"यात बॅटरी घाल. उद्या त्याला न्यायची आहे."

"नानाय, नुसती नळीच ठेवू या. आठवण म्हणून."

"आणि जेवायला काय, रिकामं ताट वाढू? भाताचं चित्र काढून देऊ?"

जोवेलिनने नळी हातात घेतली. पण तिला भीती होती. इतर वेपमध्ये चिप असते, काही बिघडलं तर तीच वीज तोडते. या नळीत होतं काय, तर पितळ, बुडाला एक बटण, आणि मधे बॅटरी. बॅटरी चुकली तर अडवायला कुणी नाही. रुएल प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगायचा, आता ती सांगायची.

"ही घे की!" तियोने चकचकीत लाल बॅटरी उचलली. "आकडा बघ केवढा मोठा! मेलेल्या माणसाशी कसली कंजुषी?"

"तियो, आकडा छापायला नुसती शाई लागते. एवढी ताकद या मापाच्या बॅटरीत मावतच नाही. परत पाठवायला काढून ठेवलीय ती."

"बरं, मग माझ्या जुन्या लॅपटॉपातली काढून देतो. फुकट."

"ती हळूहळू वीज द्यायला केलेली. या नळीत तापेल, फुटेल."

"फुटली तर फुटली. त्याला आता काय व्हायचं राहिलंय?"

नानायने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तियो गुमान टोपी काढून स्टुलावर बसला.

जोवेलिनने साधी, हिरव्या कव्हरची, कोरी बॅटरी निवडली. खात्रीच्या व्यापाऱ्याकडची, आकडा लहान पण खरा. कव्हरवरून नख फिरवलं, कुठे चीर नाही. वरच्या टोकाभोवतीची पांढरी चकती नीट बसलेली. तिथे कव्हर फाटलं की पितळ टोकाला भिडतं, आणि मग आग. नळीची भोकं फुंकून साफ केली, आत वायू कोंडायला नको. लिक्विड तापवणारी तारेची कॉइल नवी वळली, तिच्यात कापूस ओवला, मीटरवर धरली. बॅटरीला जेवढं झेपतं त्याच्या निम्मीही वीज ती ओढत नव्हती. मग टाकीत आंब्याचं लिक्विड भरलं, बुडाची रिंग फिरवून बटण लॉक केलं.

"नानाय, ही रिंग फिरवायची नाही. फिरवली की बटण सुटतं. ऐकलंस ना?"

"ऐकलं," नानाय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून दफनभूमी माणसांनी फुलली. थडग्यांवर मेणबत्त्या, मांडीवर मुलं, कुठे पत्त्यांचा डाव. जोवेलिन फुलांसाठी पाणी आणायला गेली. इकडे नानायने पातेल्यावरचं झाकण काढलं, चिकट भाताच्या वड्यांची पानं सोडली, जिनच्या बाटलीचं बूच उघडलं. मेलेल्यांना उघडता येत नाही, त्यांच्यासाठी जिवंतांनी उघडून ठेवायचं. सगळीकडे तेच चाललं होतं. शेवटी तिने पितळी नळी मेणबत्तीसारखी उशाशी उभी केली.

जोवेलिन परतली तेव्हा आजूबाजूच्या बायका छातीवर क्रूस काढत होत्या. तियो उभाच्या उभा थिजला होता. नळीच्या तोंडातून वाफ निघत होती. पांढरी, संथ, आंब्याच्या वासाची. आणि नानाय गुडघ्यांवर बसून, वाफेत तोंड घालून गुणगुणत होती:

*दार माझ्या हातानं, मीच रे लावलं,*
*तळं आलं उशाला, लेकरू भिजलं…*

जोवेलिनने बुडाकडे पाहिलं. रिंग फिरवलेली. नळीच्या वजनानेच बटण दबलं होतं. तिचा हात पुढे झेपावला.

आणि थबकला. नानाय माफी मागत होती. इतके महिने अडकलेले शब्द एकामागून एक सुटत होते. जोवेलिनने दोन बोटं नळीला लावली, तापकऱ्याच्या मनगटाला लावावीत तशी. कोमट. बॅटरी तिने निवडलेली, कॉइल तिने वळलेली. टाकीत लिक्विड आहे तोवर झेपेल. बोटं तिथेच ठेवून ती थांबली. ऊब वाढत गेली, नानाय बोलत राहिली.

"…चुकलं माझं, बाळा," नानाय म्हणाली आणि गप्प झाली. वाफ विरळ झाली होती. वासाला करपट धार आली. जोवेलिनने नळी उचलली, वाफ तुटली.

"का थांबला गं तो?"

खोटं बोलता आलं असतं.

"नानाय, रिंग उघडी होती. वजनाने बटण दाबलं गेलं. आणखी राहिलं असतं तर कापूस जळाला असता, बॅटरी भडकली असती. तुझं तोंड तिथंच होतं."

"गप की पोरी!" तियो दबक्या आवाजात ओरडला.

"रिंग मीच उघडली," नानाय शांतपणे म्हणाली. "बूचही मीच उघडलं, पानंही मीच सोडली. त्याला थोडंच उघडता येतं? उघडायचं काम माझं होतं."

"पण नानाय, ते बटण…"

"माफ केलं की नाही, ते काही बोलला नाही. पण माझं संपेपर्यंत बसला. उठून गेला नाही."

जोवेलिनने बॅटरी काढून तिच्या प्लास्टिकच्या डबीत बंद केली. नळी अजून गरम होती. तळ्यावरून वारा दुपारपासून तसाच येत होता, साऱ्या मेणबत्त्यांच्या ज्योती डोंगराकडे वाकल्या होत्या. नानाय तळ्याच्या बाजूला बसली होती. मघाची वाफ मात्र सारा वेळ नानायच्या तोंडाकडेच जात होती, वाऱ्याच्या विरुद्ध.

जोवेलिनने डबी खिशात टाकली. नानायने थडग्यावरची भाताची एक वडी उचलली, अर्धी तिच्या हातावर ठेवली आणि उरलेली स्वतः खाऊ लागली.