अवंतीच्या गॅलरीतली कॉफी

ज्याच्यावर जीव जडेल ते पिशवीत घालून घरी आणायचं, ही खोड तुम्हाला कुणी लावली? डोंगरात कागदाचा कपटासुद्धा मागं राहू नये म्हणून जपता, आणि येताना डोंगराचंच लेकरू उचलून आणता!

मी कॉफीचं झाड. जबलपूरला, गोरखपूर नावाच्या मोहल्ल्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कुंडीतून बोलतोय.

माझा जन्म कूर्गचा. डोक्यावर फणसाची सावली, शेजारी मिरीचा वेल, सकाळभर धुकं. एका डिसेंबरात अवंती आणि तिचे कॉलेजचे मित्र आमच्या मळ्यात राहायला आले. विमानाचा धूर नको म्हणून दोन दिवस रेल्वेनं आले होते. प्रत्येकाच्या सामानात स्वतःचा स्टीलचा पेला. सावलीची झाडं तोडली तर पाखरं कुठं जातील, असं ती मुलं विचारायची. खरं सांगतो, मला ती फार आवडली.

अवंतीला आमची फुलं बघायची होती. पण बहर मार्चमधला, आणि मार्चमध्ये हिची परीक्षा. "मग मी एक रोपच घेऊन जाते," ती म्हणाली. रोपं राखणारी म्हातारी आधी नाही म्हणाली, मग हरली. देताना तिनं मोडक्या हिंदीत बजावलं, की फूल हवं तर आधी याला तहानेनं तळमळू दे, मग एकदम पाणी दे. अवंती तेव्हा व्हिडिओ काढत होती. ते मी ऐकलं, तिनं नाही.

इथं आल्यावर तिचे बाबा रत्नाकर मला बघून हसले. "काहून गं, घरात सगळे चहा पिऊन राहिले अन् झाड आणलं कॉफीचं!" रोज सकाळी ते चहाचा चोथा माझ्या बुडाशी टाकायचे. साखरेनं मुंग्या यायच्या. अवंती चिडायची, मुंग्या झाडायची, आणि न चुकता पाणी घालायची. मे महिन्यात तर दोनदा, वर ओल्या चादरीची सावली. तिच्या मायेनं मी पानांनी भरलो. फूल मात्र एकही नाही.

तीन वर्षं दर मार्चमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. "यंदा तरी?" मला ओरडून सांगावंसं वाटे, पोरी, एकदा मला विसर!

यंदा ती दार्जिलिंगला गेली, चहाच्या मळ्यात महिनाभर राहून काम शिकायला. बाबा नागपूरला आत्याकडे. किल्ली समोरच्या हेमलताकाकूंकडे. काकू पंधरा दिवस साफ विसरल्या. माझी पानं लोंबली. त्या तहानेत मला कूर्गचा फेब्रुवारी आठवला. असाच कोरडा, ढगांकडं डोळे लावून बसलेला.

सोळाव्या दिवशी काकू धावत आल्या. "अरे देवा, मेलं वाटतं! काय तोंड दाखवू त्या पोरीला?" आणि दोन बादल्या ओतल्या.

त्यानंतरच्या नवव्या सकाळी मी फुललो. प्रत्येक फांदी पांढरी. आमचं फूल दोन दिवस टिकतं, फार तर तीन. दार्जिलिंग किती लांब आहे, मला ठाऊक नाही. तरी जिन्याकडं, रस्त्याकडं, जेवढा पाठवता आला तेवढा वास पाठवला. तिनं एकदा नाक लावावं, बस. मग मला कूर्गसुद्धा नको.

काकू पूजेची परडी घेऊन आल्या. थबकल्या. वास घेतला, आणि खुडायला लागल्या. परडी भरली तोच फोन वाजला. डोंगरातून तुटक आवाज आला, "काकू, माझं झाड जगलंय ना हो? त्याला..." पुढचं ऐकू आलं नाही.

"जगलं म्हणजे काय!" काकू फोनवर ओरडल्या. "पण चांगलंच फसवलं गं बेटा तुला त्या लोकांनी. कॉफी-बिफी काही नाही, मोगरा निघाला हा! नुसता फुलून राहिला. आजची सगळी फुलं देवाला घेतली मी."