मौनाचे अकरा दिवस

यांना मेंदूचा झटका आला, त्याच्या सातव्या दिवशी मी कळंबच्या चिंतामणीला सव्वा महिन्याच्या मौनाचा नवस बोलले.

यांचे हातपाय शाबूत होते. वाचता यायचं, बोलता यायचं. कुकरची शिट्टी, देवघरातली घंटा, सगळं ऐकू यायचं. फक्त माणूस बोललं की चेहरा कोरा व्हायचा.

"वणीच्या बाजारात तेलुगू माणसं बोलतात ना, तशी बोलून राह्यली तू," दवाखान्यात मला म्हणाले होते. "आवाज येते. शब्द नाही येत."

घाटंजीच्या तहसील कचेरीत तीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकून लिहून घेणारा हा माणूस.

मौन मला नवं नाही. चातुर्मासात दर सोमवारी दिवा लागेपर्यंत मी पाळते. या वेळी वाटलं, देवानं यांचं ऐकणं नेलं, तर मी माझी वाचाच त्याच्या पायाशी ठेवते. मग त्याला दया येईल.

पाटी-पेन्सिल आणली. 'गोळी घ्या.' 'वरणात मीठ आहे का?' हे वाचायचे, मान हलवायचे. घर सुरळीत चाललं.

"चौतीस वर्सांत पहिल्यांदा माह्या भावाले घरात शांती भेटली," विमलताई, माझी नणंद, पाटी वाचत म्हणाल्या. मी हसले. हे हसले नाहीत. त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

मौनाच्या सत्ताविसाव्या दिवशी यवतमाळला तपासणी होती; ताईही सोबत होत्या. डॉक्टरीणबाईंनी यांना काहीतरी विचारलं. यांनी पाटीसाठी माझ्याकडे हात केला.

"काकू, रोज तासभर समोर बसून बोलता ना? घरी सोडताना सांगितलं होतं."

मी ताईंकडे बोट दाखवलं; ते काम मी त्यांच्यावर सोपवलं होतं.

"म्या दोन दिवस बोलली," ताई म्हणाल्या. "भिंतीशी किती बोलावं? अन् हिचं तर मौन हाय."

बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, कान ऐकतो, पण शब्द ओळखतो मेंदू. तान्ह्या बाळाला जगातल्या सगळ्या भाषांचे आवाज सारखेच. आईचं बोलणं ऐकून ऐकून मेंदू आपल्या भाषेचे आवाज वेगळे काढायला शिकतो. यांच्या मेंदूतली तीच जागा दुखावली आहे. शेजारचा भाग ते काम शिकू शकतो, पण रोज ऐकलं तर, आणि या पहिल्या महिन्यांतच जास्त. पाटीनं सगळं काम डोळ्यांना दिलं."

मी लिहिलं, 'अकरा दिवस राहिले.'

"देवाचं मला माहीत नाही. पण हे अकरा दिवस यांना पुन्हा मिळणार नाहीत."

मी पाटी पुसून लिहिलं, 'कशापासून सुरू करू?'

"त्यांच्या नावापासून. त्याच्याइतका ओळखीचा आवाज माणसाला दुसरा नसतो."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी कधी घेतलेलं नाही.

घरी आले आणि देवघरापुढे बसले. नवस मोडला आणि यांना पुन्हा झटका आला तर? पाळला आणि हे जन्मभर माझ्या तोंडाकडे असेच बघत राहिले तर? चिंतामणीला शंभरदा विचारलं. कौलाचं फूलही हललं नाही. सत्तावीस दिवस मी त्याच्या पायाशी काय ठेवत होते? माझी वाचा, की यांचं औषध?

उठले. यांना खिडकीपाशी बसवलं, उजेड माझ्या तोंडावर पडेल असं. गळ्यातून आधी नुसती खरखर आली.

"नंदकिशोर."

हे ओठांकडे बघत राहिले.

"नंदकिशोर."

"आवाज तुहाच हाय," हे म्हणाले. डोळे भरून आले होते. "पन काय म्हणून राह्यली, ते नाही समजत मले, कुंदा."

त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. लिही, म्हणून.

पाटीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी मी. ती घेतली, मांडीखाली दाबून बसले, आणि पुन्हा ते नाव घेतलं.